अडीच किलोमीटर

बेटावरची माणसं सुट्टीला कुठे जातात,
पाहुणे हटकून विचारतात.
खाली, मी सांगते, आणि बोट दाखवते.
ते हसतात. त्यांना वाटतं, मला प्रश्नच कळला नाही.

झेब्बूज टेकडीच्या डोक्यावर,
मार्सालफोर्न तिच्या पायाशी, समुद्रात अंगठा बुडवून.
मधे अडीच किलोमीटर उतार.
तेवढ्यासाठी आई मार्चपासून कामाला लागायची.

खाटकाने फुकट दिलेल्या कॅलेंडरच्या पाठीवर यादी:
गाद्या चार. पंखा.
टोमॅटोच्या लगद्याच्या अकरा बरण्या.
मिठातले केपर, बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या,
कॅनरीचा पिंजरा, वर टाकायला जुना टॉवेल.
आणि तळाशी, खाली दोन रेघा ओढून:
डोलोरआत्याला विचारणे.
विचारलं तर ती यायची नाही,
न विचारलं तर नाताळपर्यंत बोलायची नाही.

विस्तिनकाकाची व्हॅन दोन खेपा करायची.
फ्रिज उभा न्यायचा की आडवा, यावर रस्त्यातच तंटा.
एकदा आडवा नेला.
तेव्हापासून तो रात्री कण्हायचा,
आणि झोपेतच कुणीतरी म्हणायचं, बघा, सांगत होतो.

खालचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक बाल्कनी.
बाल्कनी समुद्राकडे. आईची खुर्ची मात्र उलटी,
टेकडीकडे तोंड करून.
संध्याकाळ झाली की ती वर बघायची:
चर्चचा घुमट, त्याच्या डावीकडे आमची पाण्याची टाकी.
गच्चीवरचा दिवा राहिला वाटतं.
बाबा आंघोळीच्या चड्डीतच पत्ते पिसत म्हणायचे,
मग जा की, अर्ध्या तासाने बस आहे.
ती कधीच गेली नाही.
सांता मारियाच्या आतषबाजीलाच आम्ही वर चढायचो,
घरात शिरताना परक्यासारखं बिचकत,
आपल्याच भिंतींचा वास घेत.

या वर्षी ग्रेत्सियूने हिशेब मांडला.
खालच्या घराचं जुलैतल्या एका आठवड्याचं भाडं
म्हणजे आपलं हिवाळ्याचं अख्खं वीजबिल.
बाबा असते तर पत्ते पिसत राहिले असते.
आई म्हणाली, बरं.

मग फिनलंडहून, औलू गावच्या आइलाबाईंची चिठ्ठी आली.
तिथे अजून बर्फ आहे.
ती आणि तिचा नवरा स्वयंपाकघरातल्या टेबलावर
आमच्या बेटाचा नकाशा पसरून बसलेत.
उन्हाची खात्री आहे का?
समुद्रापर्यंत पायऱ्या किती? नवऱ्याचा गुडघा दुखतो.
शांतता असते का?

आई सांगत गेली, मी लिहीत गेले.
लिही, उन्हाची हमी आहे, सावलीची नाही.
पायऱ्या एकोणीस. अठरावी डुगडुगते,
तिच्या मधोमध पाय देऊ नये, कडेने जावं.
शांतता असते, पण सकाळी पाववाला हॉर्न वाजवतो.
वाजला नाही तर काळजी करावी.
बाल्कनीत दोन खुर्च्या आहेत.
त्यातली एक... जाऊ दे, ते नको लिहूस.

रात्री पाहिलं तर ती खाटकाचं कॅलेंडर उलटं करून बसलेली.
गाद्या दोन.
पंखा.
लगद्याची बरणी एक, झाकण सैल करून ठेवणे,
त्यांना उघडता येणार नाही.
मी म्हटलं, अगं, पाहुण्यांना बरण्या देत नाहीत.
ती म्हणाली, मग काय देतात?
मला पटकन सुचलं नाही.

जुलैत गच्चीवरचा दिवा चालू ठेवायचा, ती म्हणाली.
रात्रभर?
रात्रभर.
वीजबिल, मी म्हटलं.
तिने ऐकलं नसल्यासारखं केलं.
खाली बसून कुणीतरी वर बघेल,
आणि घटकाभर तरी म्हणेल,
कुणाचा राहिला असेल?

परवा औलूहून उत्तर आलं.
आभार, पायरीचं लक्षात ठेवू.
गुडघ्यासाठी तो आत्तापासून चालायला जातोय, बर्फातून.
एकच विचारायचं होतं,
किटली आहे का?

आईने पेन्सिल शोधली, चष्मा शोधला.
यादीच्या तळाशी लिहिलं, किटली.
खाली रेघ ओढायला हात उचलला,
मग तसाच ठेवला.